येसूअक्का आणि पाटावरची दहा मिनिटं

नेहा, निखिल,

परवा नेहाने फोनवर सांगितलं, की बाळंतपणानंतर तिकडच्या नर्सने तिला गोठवलेल्या मटारची पिशवी फडक्यात गुंडाळून दिली आणि टाक्यांवर धरायला सांगितली. मग जरा थांबून म्हणाली, "आजी, तुला हे ऐकून विचित्र वाटेल." मला विचित्र काही वाटलं नाही. मटार तेवढे नवे होते. बाकी सगळं मी तुमच्या आईच्या जन्माच्या वेळी, जयनगरच्या घरात, येसूअक्काच्या हाताखाली केलेलं आहे. निखिल, तूही हे वाच. तुझ्या आजोबांना यातला एक शब्दही तोंडातून काढता येत नसे आणि त्यातून काय घोटाळा झाला, ते पुढे येईलच.

येसूअक्का बुटकी आणि रुंद होती. निळ्या काठाचं पांढरं पातळ, पोलक्यावर पिनेने टाचलेलं घड्याळ, काखेत काळी छत्री आणि डोक्यावर जस्ताचा उथळ टब. तिचं घराणं बंगळूरचं, तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेच्या घोड्यांबरोबर आलेलं, असं ती सांगे. घोडे गेले, माणसं राहिली. तिच्या मराठीत कन्नड इतकं मुरलं होतं की पुण्याहून लग्न होऊन आलेल्या मला पहिले काही महिने तिच्यासारख्यांचं बोलणं अर्धंच कळे. बसवनगुडीच्या एका प्रसूतिगृहात तिने वीस-बावीस वर्षं सुईण म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झाल्यावर ती घरोघर जाऊ लागली. बाळ बघायला सगळेच येतात, ती बाळंतीण बघायला येई. बाळाकडे ओझरतं पाहून म्हणे, "हे सुखात आहे. आता जिची फाटलीय ती कुठाय?"

माफ करा, पण ती असंच बोले. आमच्या घरात त्या जागेला नाव नव्हतं. सासूबाई "तिथे" म्हणत, शेजारणी "खाली" म्हणत, डॉक्टरीणबाई इंग्रजीत पुटपुटत. येसूअक्का स्वच्छ "शिवण" म्हणे आणि ते तीन घरं पलीकडे ऐकू जाई. एकदा बसमध्ये कंडक्टरने तिला टबाचं वेगळं तिकीट काढायला सांगितलं. तिने विचारलं, "का? हा काय बसायला जागा मागतोय?" तो म्हणाला, "एवढं काय आहे त्यात?" तेव्हा तिने टब कशासाठी लागतो, त्यात कोण बसतं, कुठवर पाणी घ्यायचं आणि का, हे सगळं त्याला कन्नडमध्ये नीट समजावून दिलं. पुढचे तीन स्टॉप बसमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही. टबाचं तिकीट काही लागलं नाही.

मी त्या काळात मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते आणि बाळंतपणावरची दोन जाड इंग्रजी पुस्तकं वाचून तयार झाले होते. दोन्हींत बाळाच्या वजनाचे तक्ते होते. बाळंतिणीने बसायचं कसं, याबद्दल एकातही ओळ नव्हती. तुमची आई जन्मली आणि मला कळलं, की बसणं ही फार मोठी गोष्ट आहे. मला बसता येईना, बसून दूध पाजता येईना आणि संडासाला जायच्या नुसत्या विचाराने घाम फुटे. डॉक्टरीणबाईंनी दिलेल्या गोळीने सारख्या उलट्या झाल्या. उलटी होताना टाके कसे ओढले जातात ते नेहाला माहीत असेल. गोळी बंद झाली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मग येसूअक्काला बोलवा. ती माझं ऐकत नाही, पण तिच्या बाळंतिणी बसतात."

तिसऱ्या दिवशी प्रसूतिगृहातली खाट रिकामी करून द्यायची होती. घरी न्यायला येसूअक्का आली. जटक्याच्या घोड्याला तिने आधी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि जटकेवाल्याला बजावलं, "पळवलास तर याला सोडवून तुला जुंपीन." मग जटक्यात गादी अंथरली आणि मला तिच्यावर कुशीवर निजवलं. माझे पाय मागून बाहेर आले. बाळ सासूबाईंकडे होतं, त्या तुमच्या आजोबांबरोबर दुसऱ्या जटक्याने पुढे गेल्या होत्या. आमचा घोडा पाऊल पाऊल चालला होता आणि त्याच्यापुढे पांढऱ्या पातळातली येसूअक्का, डोक्यावर टब, त्यावर उघडी छत्री. लालबागेजवळ एक म्हातारे गृहस्थ रस्त्याच्या कडेला थांबले, त्यांनी टोपी काढली आणि हात जोडले.

"अय्यो, जिवंत आहे हो!" येसूअक्का त्यांच्यावर ओरडली. "टाके घातलेत!"

गृहस्थांनी घाईघाईने टोपी घातली.

जयनगर तेव्हा नवं नवं आखलं जात होतं. चार घरं, मधे मोकळे प्लॉट आणि रस्त्यावर नुसती खडी पसरलेली. त्या शेवटच्या फर्लांगभर खडीने सगळ्या काळजीवर पाणी फिरवलं. घरी पोचेपर्यंत जागा पुन्हा सुजली होती.

आणि घरात सासूबाई शेगडी पेटवून तयार होत्या.

तुमच्या पणजीची ओळख करून देते. त्या धारवाडच्या, सात मुलांच्या आई, बाळंतिणीच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. त्यांचे नियम असे होते: बाजेखाली शेगडी ठेवून ओवा-शेपाची धुरी, कडकडीत पाणी, आणि प्यायला पाणी घोटभर, कारण पाण्याने पोट सुटतं. गार वस्तू बाळंतिणीच्या खोलीत येताच कामा नये. घरात सोयर असल्यामुळे दहा दिवस देवपूजा बंद होती. त्यामुळे त्यांना भांडायला पूर्ण वेळ होता.

येसूअक्काने शेगडी पाहिली.

"अम्मा, पापड कुणाचे भाजायचेत?"

"शेक आहे तो. आम्ही सातही बाळंतपणांत घेतला."

"ताज्या सुजेला निखारा? नको. आज गार पट्टी. सूज उतरली की कोमट पाण्यात बसवायची, दिवसातनं तीनदा, दहा मिनिटं. मग टिपायचं, पुसायचं नाही. आणि पाणी प्यायला द्यायचं, पालेभाजी द्यायची."

"पाणी? पोट सुटेल तिचं!"

"नाही दिलं तर कोठा धरेल. मग संडासात हिचा हात धरून बसायला तुम्ही येणार? सरी, बरं, या. मी दुसरा पाट मांडते."

सासूबाईंनी कानांवर हात ठेवले. माझ्याकडे कोणी मत विचारलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून कुशीवर निजले होते आणि मनातल्या मनात पूर्णपणे येसूअक्काच्या बाजूची होते.

गार पट्टीसाठी बर्फ हवा होता. येसूअक्काने तुमच्या आजोबांना अंगणात गाठून सांगितलं, "अण्णा, स्वल्प बर्फ आणा. एक ढेप. कशाला ते अम्मांना सांगू नका, मी सांगेन." आजोबा सायकलवरून गेले आणि भुशात घोळलेली, गोणपाटात बांधलेली ढेप घेऊन आले. दारात सासूबाई उभ्या.

"बर्फ? कशाला रे?"

तुमचे आजोबा अभियंते होते. कारखान्यात त्यांच्या हाताखाली साठ माणसं होती. पण आईसमोर "शिवण" हा शब्द काढायचा, म्हणजे त्यांना पाताळात जायला सांगण्यासारखं होतं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "ते... आमच्या ऑफिसची मंडळी येणार आहेत ना संध्याकाळी. सरबताला."

मंडळी खरंच येणार होती. सासूबाईंना इतका आनंद झाला! मुलाने पाहुण्यांचा एवढा विचार आजवर कधी केला नव्हता. त्यांनी ढेप धुतली, वरवंट्याने फोडली आणि पूर्णच्या पूर्ण लिंबाच्या सरबतात घातली. येसूअक्का माझ्यासाठी फडकी उकळून, पिळून, वाळवून बर्फ घ्यायला आली, तेव्हा बाहेरच्या खोलीत ऑफिसचे पाच जण पेले हातात धरून बसले होते आणि बर्फ किणकिणत होता.

ती दारात उभी राहिली. आत पडलेल्या मला सगळं ऐकू येत होतं.

"हा बर्फ कुणी घातला यात?"

"मी घातला," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या. "पाहुण्यांसाठीच आणलाय त्याने."

"पाहुण्यांसाठी? पाहुण्यांना टाके पडलेत?" आणि मग तिने बर्फ कुणासाठी होता, कुठे ठेवायचा होता आणि किती मिनिटं, ते पाचही जणांना सांगितलं. कोणाचाही पेला ना वर गेला ना खाली आला. अखेर आजोबांचे साहेब, कपाळावर भस्माचे पांढरे पट्टे ओढलेले वयस्कर गृहस्थ, अत्यंत सभ्यपणे म्हणाले, "म्हणजे वापरण्याच्या आधीचाच ना हा?"

"आधीचा."

"सरी," असं म्हणून त्यांनी पेला संपवला.

मला हसू आवरेना, आणि हसलं की टाके दुखत. रडत रडत हसणं म्हणजे काय, ते मला त्या संध्याकाळी कळलं. शेवटी येसूअक्काने माठाखालच्या ओल्या वाळूत फडकी गार केली आणि तीच रात्र पडेपर्यंत बदलत राहिली.

पण पाहुणे गेल्यावर घरात जे झालं ते हसण्यासारखं नव्हतं. मुलाच्या साहेबांसमोर शोभा झाली होती. सासूबाई म्हणाल्या, "बाई, तुमची छत्री घ्या. उद्यापासून यायचं नाही."

येसूअक्काने छत्री काखेत घेतली. बसवनगुडी आणि जयनगरच्या मराठी घरांतल्या सगळ्या सासवा हळदीकुंकवाला एकमेकींना भेटत. एका घराने बाहेर काढलं, की बाकीची दारं आपोआप लागत. तिला हे माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. ती माझ्याकडे बघून दारापर्यंत गेली, परत आली आणि म्हणाली, "अम्मा, बाराव्या दिवशी बारसं ना? त्या दिवशी तुमची सून सगळ्यांसमोर पाटावर मांडी घालून बसेल. ओटी भरेपर्यंत. नाही बसली, तर मी आपणहून जाईन, तुमच्या उंबऱ्याला पाय लावणार नाही. आणि तुम्ही सगळ्यांना सांगा, की येसूला काही कळत नाही."

सासूबाईंनी विचार केला. बाराव्या दिवशी सून पाटावर बसली नाही, तर लोक काय म्हणतील याची काळजी त्यांनाही होतीच. "बरं," त्या म्हणाल्या. "बारशापर्यंत."

पुढचे आठ दिवस येसूअक्काने मला मोजून मापून वागवलं. सकाळ, दुपार, संध्याकाळ न्हाणीघरात तिचा टब. पाणी ती स्वतःच्या कोपराने बघे. बाहेर घड्याळ धरून उभी राही आणि दहा मिनिटं झाली की दार वाजवी. लघवीला बसताना वरून कोमट पाण्याची धार सोडायची, म्हणजे आग होत नाही. कोठा साफ करताना घडी केलेलं स्वच्छ फडकं पुढून हलकेच दाबून धरायचं, म्हणजे टाके तुटतील ही भीती जाते. पाजायचं ते कुशीवर निजून. रोज ती टाके बघे आणि म्हणे, "ताप आला, वास आला, दुखणं वाढलं, तर मला बोलवू नका. डॉक्टरीणबाईंकडे जा, त्याच दिवशी." डॉक्टरांशी तिचं वैर होतं असं समजू नका. तिचं वैर फक्त लाजेशी होतं.

शिवाय एक व्यायाम होता. शिवणीचे स्नायू आत ओढायचे, धरायचे, सोडायचे. मी विचारलं, किती वेळ? तेवढ्यात स्वयंपाकघरात सासूबाईंचा रगडा सुरू झाला. दोशाचं पीठ वाटणं चाललं होतं. येसूअक्का कान देऊन म्हणाली, "बघ, एक फेरी आत ओढ, एक फेरी सोड." दहा मिनिटं मी रगड्याबरोबर ओढत-सोडत होते. सासूबाई आपल्या नकळत मला व्यायाम देत होत्या. पीठ संपत आलं की येसूअक्का आत जाऊन गोड आवाजात म्हणे, "अम्मा, स्वल्प जाडच लागतंय हां." की पुन्हा सुरू.

बारशाच्या आदल्या दिवशी तिने आजोबांची दोन जुनी धोतरं मागून घेतली आणि त्यांची एक प्रचंड चुंबळ वळली. बायका पाण्याची घागर डोक्यावर घेताना ठेवतात तशीच, पण घागरीऐवजी मी. तिच्यावर बसलं की मधे पोकळी राही आणि टाक्यांवर भार येत नसे.

बारशाला चाळीसेक बायका जमल्या. पाटावर चुंबळ, चुंबळीवर मी, आणि वरून हिरव्या शालूच्या निऱ्या पसरलेल्या. मांडी घातली. बसले! अडचण एवढीच झाली, की मी सासूबाईंपेक्षा वीतभर उंच दिसू लागले. एक बाई दुसरीला म्हणाली, "इंग्रजी शिकलेली आहे ना." येसूअक्का दारात उभी होती, घड्याळ हातात. तिचा चेहरा एखाद्या मुलीने पाढा न चुकता म्हटल्यावर बाईंचा होतो तसा झाला होता.

पाळणा झाला. आत्याने बाळाच्या कानात नाव सांगितलं, सगळ्यांनी तिच्या पाठीत गुद्दे घातले. मग आणखी एक पाळणा झाला. धारवाडच्या मावशींना त्यांच्या गावचा पाळणा आठवला, तो बावीस कडव्यांचा होता. चुंबळ हळूहळू दबत गेली. मला आधी ठणका लागला, मग कळ यायला लागली. मी ओठ दाबून बसले, कारण ओटी राहिली होती आणि ओटी भरेपर्यंत बसायचं, हे ठरलेलं होतं. मी उठले असते तर येसूअक्का गेली असती. मनाशी म्हटलं, आणखी पाच मिनिटं.

येसूअक्काने माझ्या तोंडाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, आणि चाळीस बायकांमधून वाट काढत पुढे आली.

"बास. ऊठ पोरी."

"अजून ओटी राहिलीय!" सासूबाई म्हणाल्या.

"दहा मिनिटं झाली. हिचा रंग गेलाय."

"तुम्हीच म्हणाला होता, ओटी भरेपर्यंत."

"म्हणाले होते. हरले मी," येसूअक्का म्हणाली. "पण ही उठणार." आणि माझ्या दोन्ही काखांत हात घालून तिने मला उभं केलं. बावीस कडव्यांचा पाळणा सतराव्या कडव्याला थांबला.

तिने मला आत नेऊन कुशीवर निजवलं, पांघरूण नीट केलं, आणि छत्री घेऊन बाहेर ओसरीच्या पायरीवर जाऊन बसली. टब न्हाणीघरात पालथा वाळत होता. तो कोरडा झाला की निघायचं, एवढंच बाकी होतं. मी खिडकीतून तिची पाठ बघत होते.

ओटी तर भरायलाच हवी. म्हणून बायका एकेक करून माझ्या खोलीत आल्या, निजलेल्या मला कुंकू लावलं, तांदूळ-नारळ उशाशी ठेवले आणि बाहेर गेल्या. पण घरी कोणी गेलं नाही. पहिली बाई ओसरीवर येसूअक्काजवळ थांबली, वाकली, काहीतरी बोलली. मग दुसरी. मग तिसरी तिथे जाऊन उभीच राहिली. "माझ्या थोरल्याला अकरा वर्षं झाली हो अक्का, अजून जमिनीवर नीट..." एवढं मला ऐकू आलं. बावीस कडव्यांच्या मावशीसुद्धा रांगेत होत्या. माझ्या मनात आलं, या सगळ्या आपापल्या बारशाला पाटावर बसल्या होत्या. ओटी भरेपर्यंत.

सगळ्यांच्या शेवटी सासूबाई आल्या. रांग संपेपर्यंत त्या खांबाला धरून उभ्या होत्या.

"उद्या किती वाजता येणार?" त्यांनी विचारलं.

"मी हरलेय, अम्मा."

"ते झालं. किती वाजता?"

"सुनेसाठी?"

सासूबाईंनी इकडेतिकडे पाहिलं. "दोघींसाठी," त्या म्हणाल्या. "सात झालीयत मला. कुणी विचारलंच नाही कधी."

येसूअक्का पुढे बारा-तेरा वर्षं बंगळूरात हिंडत होती, मग म्हैसूरला भाचीकडे राहायला गेली. जाण्याआधी मी तिला शेवटचं पाहिलं ते आमच्याच गल्लीत. समोरच्या घरी सून बाळंत झाली होती, म्हणून सासूबाई तिला घेऊन गेल्या होत्या. मी डबा द्यायला गेले तेव्हा भर दुपार होती. ओसरीवरच्या वेताच्या खुर्चीत येसूअक्का गाढ झोपली होती, तोंड उघडं, चपला सुटलेल्या, घड्याळ छातीवर वरखाली होत होतं. आत जोरात भांडण चाललं होतं. "टाक्यांना धुरी? शुद्धीवर आहात का तुम्ही?" सासूबाई त्या घरच्या सासूला म्हणत होत्या. "आणि आधी तिला तांब्याभर पाणी द्या!"

मी डबा हळूच खाली ठेवला. तिला उठवायचं काही कारण नव्हतं.